मागे कोण बसणार

"मागे कोण बसणार?" कुलदीपनं विचारलं आणि मी म्हणालो, "बायको."

त्यानं सहज विचारलं होतं. शोरूममध्ये गाडी दाखवणाऱ्या माणसाला ते विचारावंच लागतं. मागे किती वजन येणार, त्यावर मागचे शॉक किती कडक ठेवायचे ते ठरतं. मीही सहजच उत्तर दिलं. कोणी गाव विचारलं की वडसा म्हणतो तसं. शब्द तोंडातून गेला आणि मला कानात हवा कोंडल्यासारखं झालं. डोक्यावरचे पंखे फिरत होते, बाहेर नागपूर रोडवरून कोळशाचे ट्रक जात होते, पण ते सगळं एकदम लांब गेलं. माझी मुलगी उर्वशी शेजारीच उभी होती. ती गाडीच्या टायरकडे पाहत राहिली. कुलदीप चांगला पन्नाशीचा, पोट सुटलेला, हसतमुख माणूस. तो म्हणाला, "मग मॅडमला एकदा घेऊनच या ना सर. त्यांना बसून पाहू द्या. घरात कोणती गाडी येणार ते शेवटी त्याच ठरवतात." आणि स्वतःच हसला. मी पण हसलो. माझी बायको बुधरी वारून पूर्ण उन्हाळासुद्धा झाला नव्हता आणि मी भर दुपारी, चंद्रपूरच्या शोरूममध्ये उभा राहून हसलो. बोललेलं परत घ्यावं, निदान उर्वशीकडे पाहावं, असं वाटत होतं, पण मान वळेना. मी पेट्रोलच्या टाकीवर हात ठेवला. टाकी थंड होती. तिच्यात माझं तोंड दिसत होतं, रुंद आणि चपटं.

समोर दोन गाड्या होत्या, एक काळी आणि एक मरून. दोन्ही क्रूझर, म्हणजे बसायला खोलगट, हँडल रुंद आणि पाय पुढे ठेवायचे. अशा गाड्या मी रस्त्यानं जाताना पाहिल्या होत्या, पण आपल्याला त्या घ्याव्या लागतील असं कधी वाटलं नव्हतं. माझा सोबती गोपाल म्हणाला होता, "पत्रूभाऊ, बुटक्या माणसानं एकतर स्कूटी घ्यावी नाहीतर क्रूझर. मधातली गाडी घेतली का माणूस लोंबकळते." मी वीज खात्यात लाइनमन आहे. आता भद्रावतीला आहे. उंचीनं मी कमी, इतका की भरतीच्या वेळी टेप धरणाऱ्यानं दोनदा मोजलं होतं. पण खांबावर चढायला उंची लागत नाही, मांड्या लागतात. खांबावर मला कधी भीती वाटली नाही. सगळी अडचण जमिनीवर आहे. काळीची सीट मरूनपेक्षा दोन बोटं खाली होती. काळीवर बसलो तर दोन्ही टाचा जमिनीला टेकत होत्या. मरूनवर बसलो की फक्त चवडे टेकायचे. पण काळी एकाच माणसाची होती. तिच्या सीटमागे नुसता चाकावरचा पत्रा. मरूनला मागे चांगली रुंद सीट होती आणि पाठ टेकायला गादी होती. फरक एवढाच होता. कुलदीप सांगत होता, "मरूनचा फोम थोडा कापून देऊ सर, अन तुम्ही जाड तळव्याचे बूट घाला, मस्त पाय पुरतील. आमचे किती कस्टमर असंच करतात. काळीला मात्र नंतर सीट लावता येत नाही बरं, आधीच सांगतो, मग म्हणाल सांगितलं नाही."

जुनी गाडी असती तर इथे यायचं कामच पडलं नसतं. ती साधी, उंच मोटारसायकल होती. बुधरीनं आणि मी तीच वापरली, भामरागडपासून भद्रावतीपर्यंत. तिच्यावर माझे चवडेसुद्धा नीट टेकत नव्हते, तरी मी कधी पडलो नाही. लोकांना मी सांगायचो, गाडी ताकदीनं नाही, अंदाजानं धरावी लागते. बुधरी गेल्यावर, सगळं आटोपल्यावर, मी पहिल्यांदा एकटा कामावर निघालो. तोवर तिच्याशिवाय गाडीवर बसायची वेळच आली नव्हती; कामावर जायला खात्याची जीप यायची आणि बाकी कुठेही जायचं तर ती असायचीच. बाजाराला, दवाखान्यात, कोणाच्या लग्नाला. त्या दिवशी जीप आली नव्हती, आणि वाटेत रेल्वेचं फाटक बंद होतं. कोळशाची मालगाडी जाणार होती. मी ब्रेक दाबला, गाडी थांबली आणि मी तसाच बसून राहिलो. पाय खाली टाकलाच नाही. कशाची तरी वाट पाहत होतो. कशाची ते मला त्या क्षणी कळलं नाही. मग गाडी डावीकडे कलंडली आणि मी गाडीसकट रस्त्यावर पडलो. माझ्यामागे ऑटोवाला होता. तो खाली उतरून म्हणाला, "काय गा भाऊ, झोप लागली का?" फाटकाजवळ चार माणसं उभी होती, तीही हसली. त्यांची चूक नाही. उभ्या गाडीवरून पडणारा माणूस मीही पाहिला नव्हता.

घरी आल्यावर उर्वशीनं कोपराला औषध लावलं. ती नागपूरला नर्सिंग शिकते, आई गेल्यावर काही दिवस घरी थांबली होती. तिनं विचारलं, "पडले कसे?" मी म्हणालो, "थांबलो आन् पडलो." ती कापूस दाबत होती. मान खाली घालूनच म्हणाली, "आई पाय टेकवे ना."

"म्हंजे?"

"गाडी थांबली का आई मांगून दोनी पाय खाली टाके. तिचे पुरत. तिच धरून राहे गाडी. तुमाले माईत नव्हतं?"

मी नाही म्हणालो. उर्वशीनं वर पाहिलं. तिला वाटलं होतं हे घरात सगळ्यांना माहीत आहे. लहानपणी ती आमच्या दोघांच्या मधे बसायची, तिच्या दोन्ही बाजूंनी आईचे पाय खाली जाताना तिनं कितीदा पाहिले होते. ती हळू आवाजात म्हणाली, "मले वाटे तुमी दोघांनी ठरवून घेतलं हाय."

मी तिथे पाटावर बसून राहिलो. मग मला आवाज आठवला. गाडी थांबता थांबता मागून चप्पल रस्त्यावर घासल्याचा आवाज यायचा, खर्र असा. इतकी वर्षं तो मी ऐकत होतो. मला वाटायचं ती उतरायची तयारी करते आहे. कधीकधी मी म्हणायचोसुद्धा, "बस ना, कुठी उतरून राह्यली, अजून घर याचं आहे." ती म्हणायची, "बसलीच तर हाय." आलापल्लीच्या चढावर, ताडगावजवळ वाटेत गुरं आडवी आली तेव्हा, पेरमिलीच्या नाक्यावर पोलिसांनी हात केला तेव्हा, प्रत्येक वेळी मी गाडी अंदाजानं धरली होती असं समजत होतो. बायको मेल्याचं दुःख काय असतं ते मी इतरांचं पाहून थोडं जाणून होतो. पण असं काही होईल याची मला कल्पना नव्हती. ती गेली आणि जाताना मी जो माणूस आहे असं मला वाटत होतं त्यातला अर्धा माणूस घेऊन गेली. तो अर्धा तिचाच होता.

ती उंच होती. नदीपलीकडच्या माडिया आदिवासींच्या गावातली. मी नवीन नोकरीला भामरागडला होतो तेव्हा त्यांच्या गावात खांब टाकायला गेलो. पहिल्यांदा तिला पाहिलं तेव्हा मी खांबावर होतो आणि ती खाली मोहफुलांच्या पाट्या घेऊन चालली होती. वरून सगळी माणसं सारखीच दिसतात. उतरलो तेव्हा कळलं की मी तिच्या खांद्याला लागतो. तिनं मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि सोबतच्या बायांना आपल्या भाषेत काहीतरी सांगितलं, त्या सगळ्या हसल्या. लग्नानंतर मी तिला विचारलं, तेव्हा काय म्हणाली होतीस. ती म्हणाली, "मी म्हनली, वरतून उतरला का आर्धा झाला." ती मला तू म्हणायची. वडशाला माझ्या आईला ते खपायचं नाही. आई म्हणायची, नवऱ्याले तू म्हनते, काऊन गा पत्रू, तुले काही वाटत नाई? मला काही वाटत नसे. बुधरी सगळ्यांनाच तू म्हणायची, तहसीलदारालासुद्धा. वडशाला हिवाळ्यात नाटकं असतात, लांबलांबून माणसं येतात. आम्ही एकदा गेलो तर मागून ओरडले, "ओ लंबी बाई, खाली बस ना, का तूच करते नाटक?" ती बसलेलीच होती. ती मागे वळून म्हणाली, "हा माहा नवरा उभा हाय, त्याले तं कोनी काही म्हनत नाई." सगळा मांडव हसला. मी खरंच उभा होतो. मला राग आला नाही. तिनं केलेल्या थट्टेत मी सुरक्षित असायचो. आता तसं वाटतं. तेव्हा असं काही वाटत नव्हतं, तेव्हा नुसतं चालू होतं.

ती कपडे वाळत घालत असताना गेली. मी आत चहा पीत होतो. बादली पडल्याचा आवाज आला. मी म्हणालो, "काय पाडलं?" आणि आणखी दोन घोट प्यालो. डॉक्टर म्हणाले, डोक्यातली नस. म्हणाले, तुम्ही लगेच बाहेर आला असता तरी काही झालं नसतं. ते चांगले डॉक्टर होते, खरंच सांगत असतील. कपड्यांची दोरी तिनं तिच्या हिशोबानं बांधली होती. मी आता स्टूल घेऊन कपडे घालतो. दोरी खाली बांधता येते, खिळा ठोकायला किती वेळ लागतो. मी दिवसभर विजेच्या तारा ओढतो. पण स्टूल घेतो. शेजारच्या इंदुताई एकदा कुंपणावरून म्हणाल्या, "भाऊ, दोरी खाली घ्या ना जी, पडसान." मी हो म्हणालो.

मग चैतूचा फोन आला. चैतू म्हणजे बुधरीचा धाकटा भाऊ, गावीच असतो. फोनला रेंज यावी म्हणून त्याला टेकडीवर चढावं लागतं, त्यामुळे तो बोलताना नेहमी धापा टाकत असतो. त्यांच्याकडे मेलेल्या माणसाच्या नावानं गावाबाहेर दगड उभा करतात. तिला आम्ही भद्रावतीला अग्नी दिला होता. तेव्हा चैतू आला होता, काही बोलला नव्हता. आता म्हणाला, "भाऊजी, गोटा पाहून ठेवला. लांब पाहला. बाई लांब होती." मी म्हणालो, बरं केलं. "पानी याच्या आंधी या. पानी आला का रस्ता बंद, तुमाले तं माईत हाय. दोघंही या. पोरीचा हात लागल्याबिगर गोटा उचलाचा नाई, आमच्या घरी तसं हाय." मी म्हणालो, येतो. तो म्हणाला, "कशानं येता? गाडीनंच येता ना?" त्यानं का विचारलं ते मला माहीत होतं. त्या गावात आम्ही कधी बसनं गेलो नव्हतो. लांबून गाडीचा आवाज आला की मुलं पळत यायची, आधी त्यांना बुधरी दिसायची, मी तिच्यापुढे असूनही नंतर दिसायचो. मी म्हणालो, "गाडीनंच येतो." आणि फोन ठेवल्यावर मला घाम फुटला. जुनी गाडी मी पडल्यानंतर ओसरीत लावून ठेवली होती आणि तिच्यावर बसायची माझी हिंमत नव्हती. आलापल्लीच्या पुढचा रस्ता, वळणं, चढ, नाके, आणि प्रत्येक ठिकाणी थांबायचं आणि मागे आवाज नाही. उर्वशी फोनवर म्हणाली, "बुटकी गाडी घ्या. तुमचे स्वतःचे पाय पुरतीन अशी. मी येतो तुमच्यासंग, पाहू." ती सुट्टी घेऊन आली, आम्ही भद्रावतीहून बसनं चंद्रपूरला आलो, आणि शोरूममध्ये पोचून पाच मिनिटं झाली नाहीत तर मी म्हणालो, बायको.

कुलदीप म्हणाला, "चला सर, मरून फिरवून पाहा. चौकापर्यंत जाऊ." तो मागे बसला. गाडी माझ्याखाली जड आणि गरम होती, चांगली होती. पहिल्या गिअरला धक्का न देता निघाली. ऊन असं होतं की डांबर मऊ झालं होतं. मला वाटलं, जमेल. मागे वजन होतं आणि त्या वजनानं गाडी रस्त्याला चिकटून चालत होती, ते माझ्या कमरेला ओळखीचं वाटलं. चौकात सिग्नल लागला. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली. आणि मी पुन्हा वाट पाहिली. या वेळी मला माहीत होतं की मी वाट पाहतो आहे, तरी पाहिली. आवाज आला नाही. कुलदीपचे पाय फूटरेस्टवर होते, तिथेच राहिले. गाडी डावीकडे झुकायला लागली. मी चवडा टेकवला, मांडी थरथरली, दात दाबले आणि गाडी सरळ केली. कुलदीपनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आरामात सर, मी आहे ना." त्याचा हात घामट आणि जड होता, आणि मागून गुटख्याचा वास आला. शोरूममध्ये उभा होतो तोपर्यंत मी ती मागची सीट तिची म्हणून पाहत होतो. तिच्यासाठी मोकळी राहील, एवढंच. आता कळलं की त्या सीटवर कोणीही बसू शकतं. गोपाल बसेल. बाजाराच्या दिवशी कोणीतरी हात करेल, भाऊ, नाक्यापर्यंत सोडा जी, आणि बसेल. माझ्या खांद्यावर हात ठेवेल. आणि मी प्रत्येक वेळी थांबलो की कान मागे लावून वाट पाहीन. मरेपर्यंत मी हेच करीन. सिग्नल सुटला तेव्हा मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न दिला. कुलदीप म्हणाला, "चला सर."

शोरूममध्ये आल्यावर मी थेट काळीवर जाऊन बसलो. दोन्ही टाचा टेकल्या. मी गाडी थोडी डावीकडे झुकवली, थोडी उजवीकडे झुकवली. कुठेही न्यावी आणि मला धरता यावी अशी ती होती. मागे हात नेला तर पत्रा लागला, गुळगुळीत. त्यावर कोणी बसू शकत नव्हतं, आणि मला खूप दिवसांनी नीट श्वास आला. दुखऱ्या दातावर डॉक्टरनं सुई दिल्यावर जसं बधिर बधिर बरं वाटतं तसं वाटलं. मी म्हणालो, "ही."

कुलदीप म्हणाला, "अन मॅडम? मागे सीट नाही हिला."

"मागे कोणी नाही बसणार."

"मॅडम रागावतील सर, पाहून घ्या."

"ती वारली," मी म्हणालो. "मघाशी मी चुकून बोललो. मागे कोणीच नाही बसणार."

कुलदीपनं गाडीवरचा हात काढून घेतला. सॉरी सर म्हणाला. मग पाणी आणायला गेला, खरंतर पाणी शेजारीच ठेवलेलं होतं. मी उर्वशीकडे पाहिलं. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल, बाबा निदान खरं बोलले. ती मरूनच्या मागच्या सीटजवळ उभी होती. म्हणाली, "तुमाले जे पटते ते घ्या जी." मी म्हणालो, "पाय टेकते हिच्यावर." ती म्हणाली, "हो ना. दिसलं मले."

पासिंग होऊन गाडी हातात यायला काही दिवस लागणार होते. उर्वशी नागपूरला परत गेली आणि मी कामावर जात राहिलो. गोपालला सांगितलं तर तो म्हणाला, "एका सीटची? मंग आता आमाले काय टाकीवर बसवता का जी?" मी म्हणालो, "तू तं पायदळच बरा." त्याला त्यात काही वाटलं नाही, तो हसला. मी खांबावर चढलो, तारा कसल्या, खाली उतरलो. आत मात्र सगळं ताठ झालं होतं. मी स्वतःला सांगत होतो की मी एक धाडसाचं काम केलं आहे. जी नाही ती नाही म्हणालो, परक्या माणसासमोर म्हणालो, आणि गाडी त्या बोलण्याप्रमाणे घेतली. मनातल्या मनात मी तो रस्ता पुन्हा पुन्हा चालवत होतो. आष्टी, आलापल्ली, पेरमिली, ताडगाव. प्रत्येक थांब्यावर मी थांबत होतो आणि माझे स्वतःचे पाय खाली जात होते. मागून आवाज यायची गरज नव्हती, कारण मागे जागाच नव्हती. त्या रस्त्यावर दुतर्फा झाडं होती, पुढे मी होतो, आणि दुसरं कोणी नव्हतं. तेंदूपत्त्याची माणसं पान तोडून परतताना दिसायची. मग गाव यायचं आणि मुलं पळत यायची. मी तिथपर्यंत जायचो. त्यापुढे काय, दगडाला कोण हात लावणार, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. आलं असतं असं आता वाटतं. ते डोक्यात यायला हवं होतं. चैतूचं बोलणं मी ऐकलं होतं, मी हो म्हणालो होतो. ते बोलणं कानात होतं, आणि गाडी दुसरीकडे कुठेतरी होती, आणि मी दोन्ही शेजारी ठेवून पाहिली नाहीत.

गाडी घ्यायच्या दिवशी उर्वशी नागपूरहून परस्पर चंद्रपूरला येणार होती. मी शोरूमच्या बाहेर सावलीत उभा होतो. काळी गाडी बाहेर उन्हात काढून ठेवली होती, हँडलला झेंडूचा हार होता, कुलदीपनं नारळ आणला होता. उर्वशी ऑटोतून उतरली. खांद्याला बॅग होती आणि हातात एक नवीन हेल्मेट, निळं, अजून प्लॅस्टिक न काढलेलं. मी म्हणालो, "मले आहे ना हेल्मेट, काऊन घेतलं?" तिनं ते खाली धरलं. म्हणाली, "असंच. आंधीच घेऊन ठेवलं होतं." मग कुलदीप आला, नमस्कार ताई म्हणाला, मी नारळ फोडला, पाणी चाकावर टाकलं. कुलदीपनं माझ्या हातात मोठी पुठ्ठ्याची चावी दिली, फोटोसाठी ते तशी देतात. मला गाडीवर बसवलं. मोबाइल वर धरून तो म्हणाला, "ताई, तुम्ही पण बसा ना मागे," आणि थांबला.

उर्वशी मागे बसायला पुढे आली होती की फोटोसाठी जवळ आली होती, मला माहीत नाही. ती मागच्या पत्र्याजवळ उभी राहिली. हेल्मेट तिनं पाठीमागे धरलं, फोटोत येणार नाही असं. दुसरा हात पत्र्यावर ठेवला. गाडी केव्हाची उन्हात होती. माझ्या मांडीला टाकी कापडातूनसुद्धा पोळत होती. पत्रा तर उघडा होता. कुलदीप म्हणाला, एक मिनिट, सूर्य समोर येतो, इकडे सरका, हां, आता पाहा. तेवढा वेळ तिनं हात काढला नाही.

मी गाडीवरून उतरलो. तिला बाजूला नेलं. म्हणालो, "तू बोलली काऊन नाई?"

"काय बोलू?"

"मले म्हनाचं होतं, मी कुठी बसू."

"तुमी म्हनले ना, मांगं कोनीच नाई बसनार. मले वाटलं तुमाले एकट्यालेच जायचं हाय आईच्या गावाले." मग तिनं बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली. "आन् माहे पाय तं असेही पुरत नाई खाली. मी बसली असती तरी काय."

उंची तिनं माझी घेतली आहे. मी तिच्याकडे पाहत होतो, आणि तिचे डोळे माझ्या डोळ्यांच्या समोर होते, अगदी समोर. बुधरीकडे पाहायला मला नेहमी मान वर करावी लागायची. एवढ्या दिवसांत मी या पोरीकडे सरळ पाहिलंच नव्हतं. मी परत कुलदीपकडे गेलो. म्हणालो, "ही ठेवून घ्या. मरून द्या." तो माझ्याकडे आणि तिच्याकडे पाहत म्हणाला, "सर, पासिंग झाली ना. आता तुमच्या नावावर चढली गाडी. नवीन म्हणून कशी परत घेऊ?" त्याला खरंच वाईट वाटत होतं. त्यानं पुन्हा पाणी विचारलं.

बस स्टँडपर्यंत मी गाडी ढकलत नेली आणि उर्वशी शेजारून चालली. मी म्हणालो, गाडी इथेच ठेवतो, दोघं बसनं जाऊ. ती म्हणाली, "नवी गाडी रस्त्यावर ठेवते का कोनी? येतो मी एसटीनं." भद्रावतीची बस लागलेली होती. ती चढली आणि खिडकीत बसली. हेल्मेट मांडीवर घेतलं. मी खिडकीखाली उभा राहिलो. चैतूकडे जायचं ते आपण बसनं जाऊ, असं म्हणायचं होतं, पण ते वरच्या खिडकीतल्या पोरीला खाली उभं राहून, इतक्या लोकांत, ओरडून सांगावं लागलं असतं. म्हणालो, "तळहात दाखव." तिनं मूठ मिटली. म्हणाली, "काही नाई झालं जी." मग ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं आणि ती वाकून म्हणाली, "बाबा, तुमी समोर निंगा. मांगं राह्यले तं धूर लागन."

बस स्टँडच्या फाटकातून बाहेर पडली. मी काळीवर बसलो आणि तिच्या मागे निघालो. पुढे निघून जाता आलं असतं, गाडीला जोर होता, रस्ता रुंद होता. मी गेलो नाही. बस जिथे जिथे थांबली तिथे तिथे मी तिच्या मागे थांबलो, धुरात, दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकवून, आणि खिडकीतून बाहेर आलेलं तिचं कोपर पाहत राहिलो.